मॉरिशसच्या जंगलात आम्हाला परत फिरवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. मी ती पुण्याची, मे महिन्यात ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या जंगलात भेटलेली, सोबत माझे 71 वर्षांचे बाबा होते आणि त्यांच्या डाव्या बुटाचा तळ निघाला होता, आता आठवलं असेल. तुमचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही म्हणालात मराठी बोलता येतं थोडंथोडं पण वाचता येत नाही, तुमची नात शाळेत मराठी शिकते, तर तिने वाचून दाखवावं.

आमचा प्लॅन असा होता की पेत्रँच्या गेटपासून माकाबेची वाट धरायची आणि खाली नदीकाठच्या व्हिजिटर सेंटरला उतरायचं, साधारण 10 किलोमीटर, टॅक्सीवाला तिथे येणार होता. बाबा आयुष्यभर सह्याद्रीत फिरलेले, त्यामुळे मला काही वाटलं नाही. सुरुवातीची वाट खरंच रुंद आणि सपाट आहे, तिकीट नाही काही नाही, शनिवार असल्यामुळे तिथलेच लोक घरचे डबे आणि बादल्या घेऊन आलेले. कड्यावरून दरी दिसते तिथे आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे, पांढरेशुभ्र लांब शेपटीचे पक्षी खाली दरीत तरंगत होते, बाबा उठायलाच तयार नव्हते. आणि मग उतार सुरू झाला, लाल माती, आदल्या रात्रीच्या पावसाने नुसती चिकट झालेली, दहा मिनिटांत बाबा घसरले, गुडघा आपटला आणि बुटाने तोंड उघडलं. तीन वाजून गेले होते. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात, पावणेसहाला अंधार पडतो, हे मी बघून ठेवलंच नव्हतं.

तुम्ही आणि नात पेरूंची बादली घेऊन वरच्या बाजूने आलात. मी घाईघाईत इंग्लिशमध्ये सांगत होते की हळूहळू उतरू आम्ही, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता सरळ बाबांना म्हणालात, "खाली नको. घर." एवढंच. मी सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं हे मी लिहून देते, तुमचं ऐकलं, कारण तुम्ही त्यांच्याच वयाचे आणि पोरासारखं दरडावलं नाहीत. बादलीच्या कडीची सुतळी सोडून त्यांचा बूट बांधलात, एक काठी दिलीत आणि दोन तास त्यांच्या पावलाने चाललात. मला वाटतं मी सगळ्यात जास्त आभार त्या चालण्याचे मानतेय. मध्येच पुढे जाऊन थांबणं नाही, घड्याळ बघणं नाही, दर चढावर फक्त "दूसमां, दूसमां" म्हणायचात, हळू, हळू.

आणि वाटेत किती काय दाखवलंत! ते बोराएवढे लाल पेरू मीठ-मिरची लावून खायला दिलेत, नाव चिनी पेरू पण झाड ब्राझीलचं, मूळ झाडांना वाढूच देत नाही म्हणून वनखात्याचे लोक ते काही पट्ट्यांमधून उपटून काढतात. फांदीवर गुलाबी कबूतर दिसलं तेव्हा नातीने आम्हाला गप्प बसवलं, 1991 साली जंगलात जेमतेम 10 उरली होती आता शेकड्यांनी आहेत, हे तिने पाठ असल्यासारखं सांगितलं. बाबा गुडघा विसरून मान वर करून बघत राहिले.

गणपतीला तुमच्याकडे देशभर सुट्टी असते हे ऐकून बाबा चाट पडले. मग तुम्ही म्हणालात आमच्याकडे झाकरी नाचतात, तुमचे पणजोबा रत्नागिरीकडून बोटीने ऊस तोडायला आलेले, त्यांच्यापासून आलेली. बाबा मूळचे चिपळूणचे. ते एकदम थांबले आणि म्हणाले, "अहो जाखडी! आमची जाखडी!" आणि गुडघा सुजलेला माणूस त्या लाल वाटेवर काठी टेकून तुम्हाला फेराचा ठेका दाखवायला लागला, आणि तुम्ही बादली खाली ठेवून तोच ठेका धरलात. काका, मी बाबांना असं आईच्या जाण्यानंतर बघितलं नव्हतं. तेव्हा बोलता आलं नाही मला.

साडेपाचला गेटवर पोचलो. तुमचं घर उलट्या बाजूला, तरी स्वतःच्या गाडीने किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाक गावापर्यंत सोडलंत, टॅक्सीवाल्याला फोन करून तिथल्या क्रिओल भाषेत समजावलंत, मागच्या सीटवरची धोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, आम्हा दोघांना संपवायला लावलीत. पैसे काढले तर रागावलात. पेट्रोलचे तरी घ्यायला हवे होते, अजून खटकतं.

बाबांचा गुडघा आता बरा आहे, हाड मोडलं नव्हतं, महिनाभर पट्टा होता. ती काठी विमानात आणता आली नाही म्हणून हळहळतात. सुतळी मात्र आणली, शूरॅकच्या खिळ्याला लटकवलीय. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, तिसरा मजला. रोज सकाळी दूध घेऊन वर येताना जिन्यातून त्यांचा आवाज येतो, दूसमां, दूसमां.

तुम्ही इकडे आलात तर चिपळूणला घर आहे आमचं, गणपतीत या. बाबांनी दोनदा बजावलंय की हे लिहायचंच.

तुमची,
पुण्याची मुलगी