चपला फिरवून ठेवणाऱ्या ताईंस

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गणवेशावरची नावाची पट्टी ओढणीखाली झाकली गेली होती आणि निघायच्या गडबडीत मी विचारायचं विसरलो. लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात, मागच्या गेटवर गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारी तुमची ड्युटी होती. पांढरी टोपी घातलेले, काठी टेकत आलेले एक म्हातारे गृहस्थ आठवतात का? ते माझे वडील.

वय अठ्ठ्याहत्तर. संगमेश्वरकडचे आम्ही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुंबईला आणलं होतं. पट्टी निघाली, नीट दिसायला लागलं, तसं त्यांनी एकच मागितलं, "गिरणी दाखव." याच आवारात ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. बदली म्हणून लागले, मग कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांबरोबर संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. वडील वर्षभर वाट बघून गावी परतले. त्यानंतर या रस्त्याला त्यांचे पाय लागले नव्हते.

तुमच्या गेटवर येण्याआधी आम्ही पुढच्या मोठ्या गेटवर गेलो होतो. तिथल्या माणसाने वडिलांकडे न बघता मला विचारलं, "काम काय? कुठल्या ऑफिसला?" मी म्हटलं, हे इथे कामाला होते, फक्त बघायचंय. तर म्हणाला, "बघायला काय आहे इथे? आत बसायचं तर हॉटेलात बसा." त्याआधी पंधरा दिवस मी रीतसर अर्जही करून ठेवला होता. त्याला साधी पोचसुद्धा आली नाही. वडील काही बोलले नाहीत. त्यांना तसंही कमी ऐकू येतं. शेकडो साचे एकदम धडधडायचे, शेजारचा काय बोलतो ते ओठांवरून ओळखावं लागायचं. त्या कानांनी त्यांना तो अपमान ऐकू आला नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण त्यांनी माझा हात धरून "चल, जाऊ घरी" म्हटलं, तेव्हा कळलं की ऐकू आलं होतं.

तुम्ही मात्र त्यांनाच विचारलंत. लांबून ओरडून नाही, जवळ येऊन, कानाशी वाकून. "आजोबा, कुणाला भेटायचंय?" वडिलांनी काठीने वर दाखवलं. गिरणीची धुराची चिमणी. तुम्ही तिकडे बघितलंत, वॉकीटॉकीवर कुणाशी तरी दोन शब्द बोललात आणि आम्हाला आत नेलंत. परवानगी कुणाची घेतलीत, कशी घेतलीत, मला माहीत नाही. ती जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत एवढं कळलं.

आत गेल्यावर वडिलांचा चेहराच बदलला. छपराचे करवतीसारखे दाते अजून तसेच आहेत हे बघून त्यांना केवढा आनंद झाला! ते तुम्हाला सांगत होते, काचा सगळ्या उत्तरेच्या अंगाला का, तर थेट ऊन येऊ नये आणि धाग्यावर दिवसभर सारखा उजेड राहावा. खिडक्या मात्र उघडायच्या नाहीत, आत दमट ठेवायचं, नाहीतर सूत तुटतं. पाळी सुटली की केसांवर, भुवयांवर कापसाची पिंज बसलेली असायची. आज त्याच छपराखाली कॉफी मिळते, लोक लॅपटॉप घेऊन बसतात. वडिलांना त्याचं वाईट वाटलं नाही. "छप्पर ठेवलंय ना, बरं केलं," एवढंच म्हणाले.

वाईट मला वाटतं. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: एक महापालिकेला मोकळ्या मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. कामगारांच्या वाट्याचं किती आक्रसलं ते गिरणगावातल्या कुणालाही विचारा. घराच्या सोडतीत वडिलांचा नंबर आजवर लागलेला नाही. निदान आपली चिमणी बघायला तरी त्यांना कुणाची मनधरणी करावी लागू नये.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. चिमणीभोवती दोरी लावली होती. तुम्ही ती बाजूला केलीत. वडिलांनी कुणी न सांगता चपला काढल्या. दसऱ्याला साच्यांना हार घालायचे, तेव्हाही अनवाणीच उभे राहायचे म्हणे. पुढे झाले आणि विटांवर तळहात टेकवून उभे राहिले. किती वेळ, मी मोजलं नाही. मी फोन काढून फोटो घेत होतो आणि फोनच्या पडद्यात तुम्ही दिसलात. तुम्ही खाली वाकून त्यांच्या चपला उचलल्यात. रबरी, अंगठ्याजवळ दोऱ्याने शिवलेल्या. दोन्ही जोडीने लावल्यात, तोंडं बाहेरच्या बाजूला फिरवून, म्हणजे मागे वळल्यावर त्यांना थेट पाय घालता यावेत. हात शर्टाला पुसलात आणि पुन्हा जागेवर उभ्या राहिलात.

आमच्या घरी आजोबांच्या चपला अशा माझी आई फिरवून ठेवायची. बाहेरच्या माणसाने, ड्युटीवर असताना, कुणी बघत नाही असं समजून हे करावं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तुमच्यापासून लपवलं.

वडिलांना हे मी परतताना बसमध्ये, कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "चपला? त्या पोरीनं?" आता गावी प्रत्येकाला हेच सांगतात. चिमणीचं नंतर सांगतात.

दिवाळीनंतर दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांना पुन्हा आणणार आहे. तुमची ड्युटी त्याच गेटवर असेल तर येऊन जाऊ. आईने तुमच्यासाठी कुळथाचं पीठ आणि कोकम बांधून ठेवायचं ठरवलंय. या खेपेला नाव मात्र विचारणार.

तुमचा,
त्या आजोबांचा मुलगा