आदिवासी वस्तूंची नोंद त्या समाजाच्या तोंडून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे आणि माहिती संगणकावर आणण्याचे काम देशात काही वर्षांपासून चालू आहे. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली असून तिच्यामुळे अनेक संग्रह आता घरबसल्या पाहता येतात. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण आदिवासी समाजांच्या वस्तूंबाबत त्यात एक मोठी उणीव राहते आहे आणि ती भरून काढण्यासाठी आमच्या बडोद्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल, म्हणून हा पत्रप्रपंच.

संगणकावर जी माहिती चढते ती बहुधा जुन्या नोंदवहीतली, म्हणजे वस्तू गोळा करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिलेली असते. गेल्या हिवाळ्यात छोटा उदेपूरकडच्या राठवा या आदिवासी समाजातील एका शिक्षकांबरोबर एक संग्रहालय पाहत होतो. एका बासरीखाली ‘आदिवासी वाद्य, बांबू’ एवढीच चिठ्ठी होती. ती वाजवण्याचा हंगाम कोणता, त्यासाठी बांबू अंधाऱ्या पक्षातच का तोडायचा, तो कसा वाळवायचा, हे त्या गृहस्थांनी काचेसमोर उभ्या उभ्या सांगितले. यातले एक अक्षरही कुठे नोंदले गेले नाही, कारण ते नोंदवण्याची तिथे व्यवस्थाच नव्हती. चिठ्ठीवर गावाचे नाव नसल्याने ही बासरी आपल्याकडची आहे की नाही, हेही त्यांना ठरवता येईना.

पिठोरा या विधिचित्राचे उदाहरण याहून बोलके आहे. राठवांच्या घरात नवस फेडण्यासाठी ओसरीची भिंत शेणामातीने व पांढऱ्या मातीने सारवतात, लखारे, म्हणजे हे चित्र काढणारे, तिच्यावर देवांचे घोडे रंगवतात आणि बडवो, म्हणजे विधी करणारा भगत, अंगात देव आल्यावर एकेक आकृती ओळखून चित्र बरोबर उतरले आहे की नाही हे पाहतो. तोपर्यंत विधी पुरा होत नाही. हेच चित्र कापडावर उतरवून त्याखाली ‘भित्तिचित्रशैली’ असे लिहिले की रंग तेवढे उरतात. बडवोचे बोलणे आणि ढोलाचा आवाज ध्वनिमुद्रित करून चित्राला जोडणे आजच्या तंत्राला सहज शक्य आहे. मात्र त्यातले काय सर्वांनी ऐकावे आणि काय गावातच राहावे, याचा निर्णय बडवो आणि गावकऱ्यांनीच घ्यायला हवा.

अशी सोय अन्यत्र झालेली आहे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना ‘मुकुर्तू’ ही मोफत संगणक-प्रणाली घडली. कोणती वस्तू कोणी पाहायची, याचे समाजाचे स्वतःचे नियम तिच्यात घालता येतात. दिवंगत व्यक्तींची छायाचित्रे दाखवण्यावर त्यांच्याकडे निर्बंध असतात, तेही पाळता येतात.

डिजिटल प्रतीच्या नावाखाली मूळ वस्तू अडवून ठेवली जाईल, ही शंका रास्त आहे आणि त्याबाबत जागरूक राहायलाच हवे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने अलास्काच्या त्लिंगित समाजातील एका कुळाचा किलर व्हेल कोरलेला विधीचा टोप २००५ मध्ये त्या कुळाला परत केला आणि पुढे कुळाच्या संमतीने त्रिमितीय मोजणी करून त्याची प्रतिकृती बनवली. प्रतिकृती संग्रहालयात राहिली, टोप कुळाकडे. तंत्रज्ञानाचा असा उपयोग मला आदर्श वाटतो. आदिवासी समाजांचा आपल्या वारशावर ताबा असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याचे ३१ वे कलम सांगते आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलेले आहे.

बडोद्याचे संग्रहालय महाराजा सयाजीरावांच्या काळात, १८९४ मध्ये उभे राहिले. १९५२ पासून येथील विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. छोटा उदेपूर जिल्हा २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्याचाच भाग होता आणि त्याच भागातल्या तेजगढला आदिवासी अकादमी आहे. तेव्हा या विभागाच्या विद्यार्थ्यांनी नोंदवह्यांतील गावांची नावे शोधून काढावीत आणि वस्तूंची छायाचित्रे घेऊन त्या त्या गावी जावे. राठवी ही मुख्यतः बोलली जाणारी भाषा आहे, त्यामुळे जाणकारांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात, मोबाइलवर ऐकता येईल अशा रीतीने नोंदवावे. या जाणकारांना प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्यावे; विद्वानांना व्याख्यानाचे देतो, तर यांना का नाही? माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या इच्छेनुसार वस्तूच्या नोंदीत यावे. विधीशी निगडित वस्तूंची छायाचित्रे गावाच्या संमतीवाचून इंटरनेटवर टाकू नयेत आणि आधीच टाकली असल्यास, गावाने सांगताच ती उतरवण्याची सोय असावी.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा