फोटोग्राफरांच्या फेलोशिपसाठी कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या महापुरात पाण्यात गेलेल्या स्टुडिओंमधल्या निगेटिव्हच्या काचा (फिल्म येण्याआधी फोटो काचेवरच घेत) आज मंडळाच्या कपाटात सुखरूप आहेत. हे कुणाकुणामुळे झाले ते आपण जाणताच, तरी पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही. महाद्वार रोडवरच्या स्टुडिओच्या थोरल्या वहिनींनी दुकानावरचा अख्खा मजला मोकळा करून दिला. लक्ष्मीपुरीतल्या प्रेसवाल्या काकांनी, नाव छापायचे नाही असे बजावून, ट्रे आणि ब्लॉटिंग पेपर पाठवले. कॉलेजच्या मुलामुलींनी एकमेकींना चिकटलेल्या काचा न उचकटता गार पाण्यात बुडवल्या, आपसूक सुटेपर्यंत थांबले आणि सावलीत उभ्या करून वाळवल्या. घाईने उन्हात टाकलेल्या काचांचे जिलेटिन, म्हणजे चित्र धरणारा थर, पापडासारखे उचलून येते, हे त्यांना दोनदा सांगावे लागले नाही. जुन्या खाकी पाकिटांच्या डिंकाच्या जोडाला दमट हवेत ओल धरते आणि निगेटिव्हवर उभा पिवळा पट्टा उमटतो. म्हणून राजारामपुरीतल्या डॉक्टरसाहेबांनी चार पाकळ्यांच्या, बिनडिंकाच्या घडीच्या पाकिटांसाठी आम्लरहित कागदाचा सगळा खर्च उचलला. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

पण काचा कपाटात राहिल्या तर त्या फक्त जपल्या जातील, बघितल्या जाणार नाहीत. म्हणून यंदा तीन तरुण फोटोग्राफरांना सहा महिन्यांची फेलोशिप द्यायची आहे. जुन्या फोटोची नुसती नक्कल नको. त्या फोटोला आजचा प्रश्न विचारून नवे काम उभे करायचे आहे.

उदाहरणार्थ, एक हाफ प्लेट आकाराची काच, पावणेपाच बाय साडेसहा इंच. तालमीतला पैलवान, खांद्यावर गदा, मागे रंगवलेल्या महालाचा पडदा. प्रिंटमध्ये एवढेच यायचे. काचेवर मात्र पडद्याची डावी कड जिथे संपते तिथे तो ताणून धरणाऱ्या पोराची चार बोटे दिसतात, आणि प्रिंट करताना ही कड कापायची म्हणून शेजारी रेघ ओढलेली आहे. पैलवानाचे नाव स्टुडिओच्या वहीत आहे, पोराचे नाही. बायकांच्या फोटोंच्या पाकिटांवरही नाव नवऱ्याचेच. या जागांवरून काम सुरू व्हावे.

ज्या गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि पुढे बाबूरावांनी कॅमेरा इथेच तयार करून १९२० साली आपला पहिला चित्रपट आणला, त्या गावाला पडद्यामागचे बघायला कुणी शिकवायला नको. चित्रकार विवान सुंदरम यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेल्या घरच्या फोटोंतून नवी चित्रे जुळवली. फोटो-कलाकार पुष्पमाला एन. यांनी जुन्या प्रतिमांमधल्या स्त्रिया स्वतः वेश करून पुन्हा उभ्या केल्या. आपल्या मुलांकडे त्यांच्याच गावचा असा ठेवा आहे, कमी आहे ती साधनांची.

कामाची पद्धत ठरलेली आहे. मूळ काचेवर कोणताही प्रयोग होणार नाही. जिलेटिनच्या बाजूला पाण्याचा बोळा लावायचा नाही, कारण चेहऱ्यावरचे पेन्सिलचे रिटचिंग पुसले जाते. फक्त कोरी बाजू हलक्या ओल्या कापसाने पुसायची. स्कॅनरवर काचेला काच टेकली की रंगीत वलये उमटतात, म्हणून कॉपी स्टँड, मॅक्रो लेन्स आणि खाली लाइट टेबल. निगेटिव्ह टेबलापासून थोडी उचललेली हवी, म्हणजे टेबलावरची धूळ फोकसमध्ये येत नाही. सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात उमटणारी निळी प्रिंट) करणाऱ्याने मूळ काच उन्हात न ठेवता फिल्मवर छापलेली डिजिटल निगेटिव्ह वापरायची. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, वापरताना समभाग. बोअरच्या क्षारी पाण्यात निळा रंग उडतो, तेव्हा धुण्याच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड. पावसाळ्यात कागद नीट वाळत नाही, म्हणून मुदत नोव्हेंबर ते एप्रिल.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. गेल्या वर्षी प्रदर्शनाला गर्दी झाली, आपल्या आजोबांच्या फोटोपुढे उभे राहून अनेकांनी सेल्फी काढले, पण नंतरच्या मदतीच्या पत्राला उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी आली. दरम्यान एका स्टुडिओच्या काचा भंगारात गेल्या आणि चित्र धुऊन टाकून फ्रेमच्या काचा म्हणून लागल्या. त्या आता कुणालाच मिळणार नाहीत.

खर्च असा: मानधन प्रत्येकी ६०,००० प्रमाणे १,८०,०००, कागद, रसायने, फिल्म ४८,०००, घड्यांचा कागद व खोकी ३२,०००, शाहू स्मारक भवनातले प्रदर्शन व फ्रेमिंग ४०,०००. एकूण ३,००,००० रुपये. हाती १,१०,०००, कमी १,९०,०००. रोख २,००० पर्यंतच, पुढे धनादेश किंवा यूपीआय (क्यूआर कार्यालयात लावला आहे). पावतीसाठी पॅन लिहावा. वस्तुरूपात लाइट टेबल, मॅक्रो लेन्स, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल कमी करणारे यंत्र) चालेल. घरी काचा असतील तर धुऊ नयेत, आडव्या रचू नयेत, लांब कडेवर उभ्या ठेवून निरोप द्यावा. माणूस येऊन नेईल, कॉपी करून परत देईल, घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही. फेलोशिपचे अर्ज व देणग्या ऑक्टोबरअखेर. कार्यालय संध्याकाळी ६ ते ८, सोमवारी बंद.

आपला,
चिटणीस