दत्याला, घोडीच्या व्हिडिओबद्दल

सोलापूर,
गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस

प्रिय दत्या,

घोडं घ्यायचं म्हणून तू पाठवलेले सहाच्या सहा व्हिडिओ बघितले. एक तर तीन वेळा बघितला. उत्तर मोबाइलवरच टाइप करायला बसलो होतो. पण 'घेऊ नको' एवढंच लिहिलं तर तू भांडशील आणि 'बघू' लिहिलं तर टोकन पाठवून मोकळा होशील, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. म्हणून पत्र. काल रात्री लेझीम आणि ढोलांनी कान बधिर झालेत, दुकान आज बंद आहे, सवड आहे. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे.

आधी तो काळा घोडा. 'प्युअर मारवाडी, ६५ इंची, चार दाती, फुल ब्लॅक.' आणि म्हणे मोहोळचा. काय बे दत्या, मारवाडीचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, ताठ धरले की टोकं एकमेकांना टेकतात. ह्याचे कान सरळ. आयाळ नागमोडी, पायांना खुरापर्यंत केसांचे झुपके. हा फ्रिजियन आहे, नेदरलँड्सकडचा. मागचं गवत बघितलंस का? तसलं गवत मोहोळ तालुक्यात उगवलं तर कलेक्टर बघायला येतील. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ उचलला, मूळ आवाज काढून हलगी लावली आणि खाली नंबर टाकला. घोडा तिकडं निवांत चरतोय, त्याला पत्ताही नाही की तो मोहोळात विकला जातोय. व्हिडिओतलं एक चित्र थांबवून गुगलवर फोटोनं शोध घेतला असतास तर दोन मिनिटांचं काम होतं.

बरं, काळा घोडा खरोखर समोर उभा केला तरी रंगावर भाळू नको. पंजाबात संगरूर जिल्ह्यात २०२२ साली एकानं २२ लाख ६५ हजारांना काळा घोडा घेतला. घरी आणून अंघोळ घातली तर रंग वाहून गेला आणि आतून तांबडा घोडा निघाला. पोलिसात तक्रार झाली, पेपरात आलं होतं. आपण हसलो होतो तेव्हा. एवढा पैसा घालणारा माणूस बादलीभर पाणी ओतून बघायचं विसरतो. मला वाटतं, विसरत नाही, त्याला बघायचंच नसतं.

दुसरा, तिसरा आणि पाचवा सोडून दे. तिसऱ्यावर एकच वाक्य: दोन दाती म्हणजे घोडं अडीच-तीन वर्षांचं, त्याची हाडं अजून भरायची आहेत, आणि त्याच्यावर जो पैलवान बसून मिशीला पीळ देतोय त्याचं वजन तुझ्यापेक्षाही जास्त दिसतं. स्वाराचं वजन खोगिरासकट घोड्याच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये असा ढोबळ ठोकताळा आहे. साडेतीनशे किलोचं जनावर धरलं तर सत्तर किलो. तू तुझा आकडा मनात म्हण, मी विचारत नाही.

चौथा तो वरातीतल्या नाचऱ्या घोडीचा. 'ट्रेनिंग बघा भावांनो' म्हणून लाखानं लाइक. तू तो नुसता गंमत म्हणून पाठवलास हे कळतं, पण तो परत लाव आणि ह्या वेळी पायांकडं बघू नको, तोंडाकडं बघ. जबडा सतत उघडा, फेसाला गुलाबी झाक, शेपूट फटाफट हलतंय, कान मागं चिकटलेत. ते नाचणं नव्हे, तोंडातलं लोखंड टोचतंय म्हणून पाय उचलणं आहे. काटेरी लगामाला केंद्राच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीत घोडी बघितली की माझा डोळा आधी तिच्या तोंडाकडं जातो आणि निम्म्या वेळा जेवण गोड लागत नाही. असले व्हिडिओ पुढं पाठवू नको. आपण पाठवतो म्हणून त्यांना आणखी घोड्या 'शिकवाव्या' लागतात.

आता सहावा. ती कुमैत घोडी, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, जिच्यापुढं तू लिहिलंस, 'ही चिऊसाठी. एकदम शांत आहे.'

ही घोडी खरी आहे असं मला वाटतं. माणूस मराठी बोलतोय, गोठा आपल्याकडचा आहे, कोपऱ्यात कडब्याची गंजी आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते. खोटा घोडा फक्त पैसे खातो. खरा पण खोडीचा घोडा घरी आला तर पैसेही जातात आणि पोरीचा हातही मोडतो.

तुला आमचा आबा आठवतो ना? स्टेशनच्या स्टँडवर टांगा लावायचा, आपल्याला शाळेतून फुकट आणायचा आणि तुझ्याकडून शेंगदाणे उकळायचा. आबा घोडं बघायला जायचा तेव्हा सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी पोचायचा. का, तर मालकानं घोड्याला आधीच फिरवून दमवलेलं असू नये. अंगाला घाम असेल, पाठीवर खोगिराचा वळ असेल तर 'उद्या येतो' म्हणून परत. घोड्याआधी तो गव्हाण बघायचा. गव्हाणीची कड कुरतडलेली असेल तर घोडं लाकूड धरून वारा गिळतं, मागची भिंत फुटलेली असेल तर लाथ मारतं. मग चारी पायांवरून हात फिरवायचा, कुठं गरम लागतंय का बघायला. दात शेवटी. 'दात कानशीनं घासून बदलता येतात,' म्हणायचा, 'भिंत कोण बदलतंय?'

आता आबाच्या डोळ्यानं तुझा व्हिडिओ बघ. चाळीस सेकंद. घोडी चालते ती सगळी मऊ वाळूवर. वाळूत लंगडणं लपतं. डांबरी रस्त्यावर दुडक्या चालीनं धाववली की बाहेर पडतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं डोकं वर झटकतं आणि चांगला पाय टेकताना खाली नेतं. टापांचा ताल कानाला कळतो, पण तिथं गाणं लावून ठेवलंय. चाळीसच्या चाळीस सेकंद घोडीची डावी बाजू दिसते. एकदाही ती वळून उजवी बाजू दाखवत नाही. कॅमेरा जमिनीलगत धरलाय म्हणून उंची वाढते, त्यात शेजारी उभा केलेला पोरगा बारीक चणीचा. 'उंची ६२' लिहिलंय, पण खांद्याच्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत काठी सरळ धरून मोजली की पोटावरून टेप सोडला, ते कोण सांगणार?

आणि ते 'शांत'. शेवटच्या दहा सेकंदांत बघ, खालचा ओठ लोंबतोय, मान पडलीय, फटाका वाजल्यासारखा आवाज येतो तरी कान हलत नाहीत. शांत घोडं कान हलवतं दत्या. ते ऐकतं आणि मग घाबरत नाही, ह्याला शांत म्हणायचं. हिला बहुतेक गुंगीचं काहीतरी दिलंय. मी गुरांच्या औषधांचं दुकान चालवतो, बाजाराच्या आधी कोण काय मागायला येतं ते मला माहीत आहे. दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलं की लंगडं घोडं दोन दिवस सरळ चालतं. तिसऱ्या दिवशी ते तुझ्या दारात असतं.

किंमत कुठंच लिहिलेली नाही, 'इनबॉक्समध्ये या.' घोडं पेंड खातं ते इथं. फेसबुकच्या नियमांत जिवंत जनावरांची खरेदी-विक्री बसत नाही, म्हणून कुणी 'छंद म्हणून देणे' लिहितो, कुणी नुसता नंबर टाकून किंमत खाजगीत सांगतो. तू म्हणशील, जुन्या बाजारात तरी काय वेगळं होतं? रुमालाखाली बोटं धरूनच सौदा व्हायचा. खरं आहे. पण रुमालाखाली समोरच्याचा हात आपल्या हातात असायचा. त्याला घाम फुटला की कळायचं.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगतो. हे वाचून हसलास तरी चालेल, पण वहिनींना सांगू नको.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मी १३ हजार घालवले. एका ग्रुपवर घोडीचा फोटो आला. पंचकल्याणी, चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. आबाची शेवटची घोडी, लक्ष्मी, डिट्टो तशी. पट्टा नाकपुडीकडं जरा वाकडा उतरलेला, तोसुद्धा तसाच. लिहिलं होतं, 'फौजी आहे, बदली झाली, तातडीनं देणे.' ओळखपत्राचा फोटो आला, वर्दीतला फोटो आला. बोलणं इतकं अदबीचं की मीच 'सर, सर' करत होतो. पाच हजार टोकन दिलं. मग गाडीभाडं आठ हजार, 'गाडी निघाली' म्हणून टेम्पोचा फोटो. मग रात्री फोन, नाक्यावर अडवलंय, आरोग्य दाखल्याचे साडेसहा हजार लगेच टाका, नाहीतर घोडी जप्त. आणि पाठोपाठ एक क्यूआर कोड, 'हा स्कॅन करा, आधीचे पैसेही परत येतील.' तिथं डोकं ठिकाणावर आलं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे मी स्वतः दुकानात गिऱ्हाइकांना शिकवतो.

विचार कर. कान, दात, टापा, सगळं कळणारा माणूस मी. पण त्या फोटोत मी घोडी बघतच नव्हतो, आबाचा टांगा बघत होतो. सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या नंबरवर फोन करायला हवा होता, तोही लगेच, म्हणजे पैसे मधेच कुठंतरी अडवता येतात. मी शरमेत दोन दिवस काढले. तोपर्यंत त्या भामट्याचं खातं रिकामं झालं होतं. त्या रात्री परड्यात खुंटा रोवून ठेवला होता मी, तोबराही धुऊन ठेवला होता. खुंटा अजून आहे, त्याला आई कपड्यांची दोरी बांधते.

म्हणून तू 'चिऊसाठी' लिहिलंस तेव्हा पोटात गोळा आला. तूही घोडी बघत नाहीयेस.

चिऊला घोडं नको असं माझं म्हणणं नाही. घे, पण हातानं बघून घे. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो, तुझ्या गावापासून फार लांब नाही. तिथं मन भरलं नाही तर दत्तजयंतीला सारंगखेडा आहे, त्यानंतर नांदेडकडचं माळेगाव आहे खंडोबाचं. तिन्हीकडं लबाडी आहेच, पण तिथं घोड्याभोवती फिरून उजवी बाजू बघता येते. मी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांनाही घेईन. जे जनावर पसंत पडेल त्याची ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद बघायचाच. तो रोग माणसालाही होतो, आणि घोडं बाधित निघालं तर कायद्यानं ते मारावं लागतं. पोरीला लळा लागल्यावर ते तिला कोण सांगणार?

आणि रानात ज्वारी आहेच, घोडं त्यावर जगेल, असं जे तू लिहिलंस ते डोक्यातून काढ. बैलाचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं. हिरव्या ज्वारीवर घोडं सोडलं तर मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो. कोरडं गवत, थोडी चंदी, म्हणजे दाणा, आणि दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी धर. तुझी बोअर उन्हाळ्यात चालते का ते आधी बघ. सोलापुरातल्या नळाचं तर तुला माहीतच आहे, काही दिवसांआड येतो तो.

अकलूजला चिऊला घेऊन ये. पैसे मात्र पहिल्या दिवशी घरी ठेव, खिशात असले की तू मोठ्यानं हसायला लागतोस आणि दलालाला कळतं. काकूंच्या गुडघ्याला आता कसं आहे? त्यांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय, पुढच्या रविवारी एसटीनं आमचा पुतण्या येईल.

तोपर्यंत एक काम कर. त्या कुमैत घोडीवाल्याला निरोप टाक, 'मालक, उद्या सकाळी तिला डांबरी रस्त्यावर पळवा, उजव्या बाजूनं व्हिडिओ काढा, गाणं लावू नका.' बाकी काही बोलू नको, किंमत विचारू नको. त्याचं काय उत्तर येतं तेवढं मला कळव.

तुझा,
बंडू