इमारत दुरुस्तीच्या ठेकेदारालाही परवाना आणि हमी सक्तीची करा

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी ठाण्यात पाचपाखाडीतल्या २४ बिऱ्हाडांच्या सोसायटीची खजिनदार आहे. इमारत १९८६ ची, चार मजली. तीन वर्षांपूर्वी स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि महापालिकेच्या वर्गवारीत आम्ही ‘सी-२ बी’ मध्ये बसलो, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. घरटी सव्वा लाख काढले. फॅमिली पेन्शनवर राहणाऱ्या एका आजींनी त्यासाठी बांगड्या गहाण ठेवल्या, हे मला त्यांची पावती फाडताना कळलं.

ठेकेदार ओळखीतून आला. जीएसटी नंबर होता, गुमास्ता होता, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी स्टॅम्प पेपरवर लिहून दिली होती. तीस टक्के आगाऊ दिले. दुसऱ्या पावसाळ्यात जिन्यालगतच्या कॉलमला उभी भेग पडली. गवंडी बोलावला, त्याने हातोडीने ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज. प्लास्टर हातानेच निघालं. आत सळया गंजून पापुद्रे सुटलेल्या, आणि त्या गंजावरच रंगाचा एक हात फिरवलेला. गंज खरवडणं, केमिकल लावणं, पॉलिमर मॉर्टर भरणं, सगळं बिलात होतं. देखरेखीच्या अभियंत्याची बिलावर सही होती. त्या बिलाचा चेक मी सही करून दिला होता. तो कॉलम बघितल्यापासून मला नीट झोप नाही.

ठेकेदाराचा फोन आधी लागेना, मग नंबरच बंद झाला. वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. तो आम्ही धरू, पण निकाल लागेपर्यंत कॉलम थांबणार आहे का? ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी-केबिनजवळ रात्री इमारत कोसळून १२ माणसं गेली. आमच्या घरापासून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे.

महोदय, इमारतीला ३० वर्षं झाली की संरचनात्मक तपासणी आपल्याच कायद्याने सक्तीची आहे. ती झाली की दुरुस्तीही करावीच लागते. हे योग्यच आहे. पण ही दुरुस्ती कोणी करावी, याबद्दल कायदा गप्प आहे. वायरिंग करणाऱ्याला शासनाचा परवाना लागतो. लिफ्टवाल्याला लागतो. नळजोडणीला परवानाधारक प्लंबर लागतो. आणि ज्या कॉलमवर २४ संसार उभे आहेत, त्याला हात घालणाऱ्याला काहीच लागत नाही. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याने नव्या इमारतीतल्या संरचनात्मक दोषाची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर टाकली, पण दुरुस्तीचा ठेकेदार त्यात येत नाही.

सरकार स्वतःच्या कामाला मात्र असं वागत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदाराची वर्गवार नोंदणी असते, बयाणा रक्कम असते, सुरक्षा अनामत असते, दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायची मुदत, असते. तिजोरीतल्या पैशाला हे संरक्षण आहे. मग आजींच्या बांगड्यांना का नसावं?

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला राज्य मंडळाचा परवाना लागतो. परवान्यासाठी ठेकेदाराला २५,००० डॉलरचा हमी बाँड द्यावा लागतो. जानेवारी २०२३ पासून ही रक्कम आहे. त्याने काम बिघडवलं तर घरमालक त्या बाँडवर दावा करू शकतो. घराच्या कामाला आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी तेवढीच घेता येते. भाच्याने बाथरूमचं काम देण्याआधी परवाना क्रमांक मंडळाच्या वेबसाइटवर टाकून बघितला, बाँड चालू आहे का तेही बघितलं. पाच मिनिटांचं काम. आम्ही सहा महिने कोटेशनं चाळली आणि आमच्या हाती असं काहीच नव्हतं.

आपल्याकडे हे नव्याने शोधून काढायचं नाही. शुअरिटी विमा म्हणजे ठेकेदाराच्या कामाची हमी देणारा विमा कंपनीचा बाँड. विमा नियामकाच्या त्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. केंद्राने त्याच वर्षी सरकारी खरेदीत बँक गॅरंटीऐवजी असे बाँड चालतील, अशी सोय केली. तीच सोय सोसायट्यांसाठी खुली करा. महापालिकेत दुरुस्ती ठेकेदारांची नोंदणी आणि लोकांना बघता येईल अशी यादी असावी. ठरावीक रकमेपुढच्या कामाला बाँड असावा, आणि त्यावर दावा सोसायटीला थेट करता यावा. आगाऊ रकमेला मर्यादा हवीच.

यावर ‘छोटे ठेकेदार मरतील’ असं म्हटलं जाईल. मला ते पटत नाही. बँक गॅरंटीसाठी बँक मार्जिनचे पैसे अडकवून ठेवते, त्यात छोटा माणूस खरंच मरतो. शुअरिटीत हप्ता भरायचा असतो आणि विमा कंपनी आधीचं काम बघते. नेकीने काम करणाऱ्याला उलट त्याचा आधार होईल. आज तो तीस टक्के कमी भाव टाकणाऱ्यापुढे हरतो. एखादी फरशी बसवणाऱ्या गवंड्याला यात ओढू नका, एवढं मात्र जरूर बघा.

कॉलमला सध्या लोखंडी टेकू दिले आहेत. जिन्यातून जाताना मुलं त्यांना हात लावून जातात. येत्या रविवारी आमची विशेष सर्वसाधारण सभा आहे, घरटी पुन्हा वर्गणी मागायची आहे. माझ्यासमोर तीन नवी कोटेशनं आहेत आणि तिन्हींवर दहा वर्षांची गॅरंटी लिहिलेली आहे. यातल्या कोणाचं नाव मी कुठे तपासू, ते आपण मला सांगावं.

आपली नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार
पाचपाखाडी, ठाणे