डोक्यातल्या उवा आणि शाळेतला वेगळा बाक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आशा कार्यकर्ती आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात काम करते. विषय ऐकून काही जण हसतील, उवांवर कोणी पेपरात पत्र लिहिते का म्हणून, पण आमच्याकडच्या एका शाळेत चौथीतल्या पोरीला उवा झाल्या म्हणून मागच्या बाकावर एकटं बसवलं आणि तिच्या मायला निरोप धाडला की केस बारीक कापून आणा नाहीतर पाठवू नका. चारच दिवसांत त्याच वर्गातल्या बाकीच्या पोरी डोकं खाजवून राहिल्या होत्या. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायलाच महिना-दीड महिना जाऊ शकतो. म्हणजे पोरगी खाजवताना दिसली तोवर उवा वर्गभर फिरून आलेल्या असतात, आता तिला एकटीला बाजूला बसवून काय उपयोग? ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की सरकते, आणि पोट्ट्या एका पुस्तकावर नाहीतर एका मोबाईलवर पाच जणी वाकलेल्या असतात. घाणेरड्या घरातच उवा होतात हेही खोटं, रोज न्हाणाऱ्या डोक्यातही त्या मजेत राहतात. डॉक्टर लोकही हेच सांगतात की उवांसाठी लेकराची शाळा बुडवायची गरज नाही.

एका पालकाने तर वर्गात फवारणी करा म्हणून सांगितलं. अहो, डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, तिला रक्त लागते, भिंत काय चाटणार ती. उशीची खोळ, टावेल, रिबिनी गरम पाण्यात धुवा, तेवढं पुरे.

मला खरी भीती उवांपेक्षा इलाजाची वाटते. रॉकेल चोळतात, चुलीपाशी बसलेल्या पोरीच्या डोक्यात रॉकेल, काही विचार करा. मुंग्या-झुरळांचा खडू केसांत फिरवतात. सीताफळाच्या बियांची पूड तर आमच्याकडे घरोघरी, झाडं बांधावरच आहेत ना, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही. आणि कपाशीच्या फवारणीचं उरलेलं औषध डोक्याला लावणारेही आहेत! ते कातडीतून अंगात भिनते. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरलो का आपण?

मेडिकलमध्ये 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळते. केस धुवून टावेलने पुसायचे, ओलसर असतानाच लावायचं, 10 मिनिटं ठेवायचं, मग धुवून टाकायचं. चूक पुढे होते. लोक एकदा लावतात आणि बाटली फळीवर ठेवून देतात. लिखा या औषधाने मरत नाहीत, त्या 7 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी परत लावावंच लागते. तसं केलं नाही की मग "औषध नकली होतं" म्हणून बोंब. अगदी तान्ह्या लेकराला मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

पैसे नसतील तर फणी आहे, आपली बारीक दातांची, आजीच्या डब्यातली. केसांना भरपूर तेल लावा, आधी साध्या कंगव्याने गुंता सोडवा, मग थोडे थोडे केस धरून फणी मुळापासून टोकापर्यंत ओढा आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसा. कानामागे आणि मानेवर जास्त बघा, तिथेच अड्डा असतो. तीन-चार दिवसांनी परत, असं दोन-तीन आठवडे. कोंडा बोटाने सरकतो, लीख केसाला चिकटून बसते, हलत नाही. आणि केसाच्या मुळापासून बोटभर लांब दिसणारी लीख बहुतेक रिकामं टरफल असते, त्यावरून पोरीला "अजून आहेतच" म्हणून टोचून बोलू नका.

पण हे एका घराने करून भागत नाही. ऊ रोज 6 ते 8 अंडी घालते, एक पोरगी स्वच्छ झाली आणि शेजारची तशीच राहिली की आठवड्यात गाडी मूळपदावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत वर्षातून एकदा येते, तिच्या भरवशावर राहून चालणार नाही. मुख्याध्यापकांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच टाकावं की या रविवारी सगळ्यांच्या घरी फणी, पोरांच्याही डोक्याला, आणि नवव्या दिवशी परत आठवण द्यावी. नाव कोणाचंच घेऊ नये. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना मी सांगते, तसंही दारोदार फिरतेच आहे. आश्रमशाळेत तर हे अजून गरजेचं, तिथे लेकरं बाजूबाजूला झोपतात आणि फणी फिरवायला माय जवळ नसते.

वेळही बघा. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते, बाया पहाटेच वावरात जातात, संध्याकाळी थकून आल्यावर तीन पोरींची डोकी कोण बघणार? म्हणून हे काम शाळा उघडल्यावर जून-जुलैत एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीतच एकदा उरकावं. त्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात तुमच्या पेपरात फणी आणि नवव्या दिवसाची एक छोटी चौकट छापली तर मी ती कापून शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवीन.

आपली,
एक आशा कार्यकर्ती, जि. यवतमाळ