छातीत दुखले, पण चोवीस तास भरले नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रात्री पावणेदोनच्या सुमारास माझ्या पत्नीच्या छातीत दुखू लागले. तिचे वय ६३, बारा वर्षांचा मधुमेह, आणि कळ डाव्या खांद्याकडे जात होती. त्यामुळे सकाळची वाट न पाहता रिक्षा करून आम्ही जवळच्या एका खासगी रुग्णालयाची कॅज्युअल्टी, म्हणजे आकस्मिक विभाग, गाठली. तिथल्या उपचारांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पोहोचल्याबरोबर ईसीजी काढला गेला, हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे दाखवणाऱ्या ट्रॉपोनिन चाचणीसाठी रक्त घेतले गेले, तीन तासांनी तीच चाचणी पुन्हा झाली, आणि सकाळी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्यावर हृदयाला काहीही झालेले नसून दुखणे आम्लपित्ताचे असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. साडेदहाला आम्ही घरी निघालो. बिल १९,३४० रुपयांचे होते. विम्याचे कार्ड पुढे केल्यावर खिडकीतील मुलाने ते हातातही घेतले नाही. “काका, कॅज्युअल्टीचं कॅशलेस होत नाही, रिइम्बर्समेंटला टाका,” असे तो म्हणाला. म्हणजे कंपनी रुग्णालयाला थेट पैसे देणार नाही; आधी आपण भरायचे आणि मग कंपनीकडे मागायचे.

त्याप्रमाणे कागद पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले की रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता आणि झालेले उपचार ‘डे-केअर’मध्येही (चोवीस तासांच्या आत उरकणाऱ्या, पॉलिसीला मान्य उपचारांत) बसत नाहीत, म्हणून दावा अमान्य. आमची पॉलिसी पाच लाखांची असून सोळा वर्षांत तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. मी एकतीस वर्षे बँकेत हिशेब सांभाळले, तरी स्वतःची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली ती या पत्रानंतर, हे कबूल करायला हवे.

वाचल्यावर लक्षात आले की कंपनीने करार मोडलेला नाही. ‘रुग्णालयात दाखल होणे’ याची व्याख्याच किमान सलग चोवीस तासांचे आंतररुग्ण उपचार अशी आहे. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा ज्या उपचारांना तंत्रज्ञान सुधारल्यामुळे आता एवढा वेळ लागत नाही, त्यांना डे-केअर म्हणून सवलत मिळते. कॅज्युअल्टीतली खाट मात्र ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात, मोजली जाते. रुग्णाच्या मनगटाला पट्टी असते, हाताला सलाइन असते, डोक्याशी मॉनिटर वाजत असतो. पण विम्याच्या हिशेबी तो बाहेरून आलेला आणि बाहेरूनच परतणारा माणूस असतो. स्वतंत्र ओपीडी संरक्षण घेतले नसेल, तर त्या खाटेचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

आता याच्या उलट घडलेला प्रकार पाहा. आमच्याच इमारतीतील एका गृहस्थांना अशाच तक्रारीसाठी नेले असता, ‘क्लेम बसावा’ म्हणून घरच्यांनीच आग्रह धरून त्यांना वॉर्डात दाखल करून घेतले. सव्वीस तासांनी ते घरी आले आणि त्यांचाही दावा नाकारला गेला. कारण असे की सर्व आरोग्य विमा पॉलिसींसाठी विमा नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ‘आयआरडीएआय’ने) अपवादांची जी प्रमाणित शब्दयोजना ठरवली आहे, तीत क्रमांक ४ चा अपवाद ‘तपासणी व मूल्यमापन’ हा आहे, म्हणजे केवळ निदानासाठी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देय नाही. माझ्या पत्नीचे पावणेनऊ तास कमी पडले आणि शेजाऱ्यांचे सव्वीस तास अनावश्यक ठरले. छातीत दुखणाऱ्या माणसाने नेमके किती तास झोपून राहावे, हे कोणीतरी एकदा सांगून टाकावे.

यातली मेख अशी आहे की दावा तपासणारा माणूस निकाल हातात घेऊन मागे वळून पाहतो. ट्रॉपोनिन ‘नॉर्मल’ आले म्हणून त्याला तो खर्च तपासणीचा वाटतो. रात्री दोन वाजता आम्हाला मात्र तो निकाल माहीत नव्हता आणि तो कळावा म्हणूनच तर आम्ही गेलो होतो. हृदयविकाराच्या पहिल्या काही तासांत ही चाचणी सामान्य येऊ शकते, म्हणून ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. पूर्वी ज्या शंकेसाठी रुग्णाला दोन-दोन दिवस ठेवून घेत, ती आता एका रात्रीत फिटते. मोतीबिंदूला जो न्याय लावला, तो इथे का लावू नये?

माझी एक भाची न्यू जर्सीत राहते. तिकडच्या इस्पितळांची बिले ऐकूनच छातीत कळ यावी, तेव्हा अमेरिकेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्याकडून कळलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. आकस्मिक विभागाचा खर्च द्यायचा की नाही, हे तिथे शेवटी काय निदान झाले यावरून नव्हे, तर ती लक्षणे पाहून सामान्य समजुतीच्या, वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाला धोका वाटला असता का, यावरून ठरवायचे असते. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने हे तत्त्व तिथल्या खासगी विम्यालाही लागू केले. आपल्या नियमावलीत हे एक वाक्य आले तरी निम्मे भांडण मिटेल.

बिलाबद्दलही थोडे लिहितो. त्यात ‘कन्झ्युमेबल्स – २,८६०’, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तू, अशी एकच ओळ होती. तपशील मागितल्यावर अर्ध्या तासाने एक कागद छापून मिळाला. त्यात ऑक्सिजन मास्क होता. पत्नीला ऑक्सिजन लावलाच नव्हता. शिवाय बिलात वर जे एकदा आकारून झाले होते, ते नोंदणी शुल्कही पुन्हा धरलेले होते. दोन्ही रकमा निमूटपणे वजा झाल्या, म्हणजे चूक त्यांनाही मान्य होती. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. इथे तो फलक पाण्याच्या कूलरमागे होता.

कॅज्युअल्टीतून पुढे खरोखरच दाखल व्हावे लागले, तर मात्र चित्र बदलते. त्याच आजारासाठी आधी झालेला खर्च दाखल होण्यापूर्वीचा खर्च म्हणून बहुतेक पॉलिसींत मिळतो, तेव्हा कॅज्युअल्टीचा केसपेपर व पावत्या टाकून देऊ नयेत आणि दाखल झाल्याची वेळ कागदावर नीट लिहून घ्यावी. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि रुग्णालयाकडून घरी सोडण्याची सूचना आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा रक्कम आकारली, तर ती कंपनीने भरायची आहे. खोलीभाड्याची मर्यादाही आधीच पाहून ठेवावी. मर्यादा पाच हजारांची आणि खोली आठ हजारांची घेतली, तर केवळ भाड्यातला फरक नव्हे, डॉक्टरांच्या शुल्कासारख्या इतर खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते; औषधे, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग यांना ती लागत नाही. रात्री दोन वाजता ‘डिलक्स की शेअरिंग?’ असे विचारले जाते, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात असते?

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला मी पत्र पाठवले आहे. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ठाण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. परंतु करारातच चोवीस तास लिहिलेले असताना लोकपालांनी तरी काय करावे? बदल विमा नियामकाने करायला हवा. आकस्मिक विभागातील उपचार, मग ते तीन तासांचे असोत वा तेरा, मूळ संरक्षणातच धरावेत आणि ते आवश्यक होते की नाही हे रुग्ण दारात आला त्या वेळच्या लक्षणांवरून ठरवावे. यासाठी हप्ता थोडा वाढवावा लागला, तर तो द्यायला माझ्यासारखे पुष्कळ जण तयार होतील.

मागच्या मंगळवारी रात्री पत्नीच्या छातीत पुन्हा तशीच कळ आली. ती उठून बसली, तिने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, “अ‍ॅसिडिटीच असेल, सकाळपर्यंत बघू.” एरवी शेजाऱ्याला सर्दी झाली तरी डॉक्टर गाठायला लावणारी ही बाई. मी तिचे न ऐकता रिक्षा बोलावली.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई